वॉचमनला वही द्या, पेनही द्या

परवा तक्रार आली, लाइव्ह व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकतोय. शोधता शोधता गुन्हेगार सापडला.. मीच!

आमच्या लिनक्स फायरवॉलवर मी एक एक्सडीपी प्रोग्रॅम चढवला होता. एक्सडीपी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, पॅकेट आलं की पहिली गाठ त्याच्याशी. कोणाकोणाची कनेक्शन्स चालू आहेत याची वही, म्हणजे कॉनट्रॅक, आत सेक्रेटरीच्या टेबलावर. २०२२ साली, कर्नल ५.१८ पासून, गेटवरूनही ती बघता येते. मी नोंद बघून ओळखीची पॅकेट्स दोन्ही बाजूंनी परस्पर पुढे सोडायचो. वेग झकास! पण नुसतं बघून नोंद ताजी होत नाही. चालू यूडीपीची नोंद डीफॉल्टने १२० सेकंदांत संपते, की आपलाच पाहुणा अनोळखी.

त्याच वर्षी ६.० मध्ये नवी नोंद करायची, मुदत वाढवायचीही सोय आली. मित्र म्हणतात, फायरवॉलची वही भलत्याच्या हातात कशाला? मला नाही पटत. प्रोग्रॅम चढवायला विशेष अधिकार लागतातच, शिवाय घेतलेली नोंद परत न करणारा प्रोग्रॅम व्हेरिफायर आत घेतच नाही. वही नाही दिली तर लोक गेटवर स्वतःची दुसरी वही ठेवतात. आणि दोन वह्या कधी जुळल्यात? हां, ही फंक्शन्स कायम अशीच राहतील याची हमी नाही, कर्नल बदलला की टेस्ट करा.

असो. मुदत वाढवणारी एक ओळ घातली. व्हिडिओ चालू आहे.