वारणाकाठचं क्रेम कारामेल

1950 साली इंग्लंडात लोणी, साखर, मटण सगळं रेशनवर होतं आणि नेमकं त्याच वर्षी एलिझाबेथ डेव्हिड यांचं भूमध्य समुद्राकाठच्या स्वयंपाकावरचं पुस्तक निघालं. त्यातलं निम्मं सामान वाचणाऱ्या बायकांना बघायलाही मिळत नव्हतं. तरी पुस्तक गाजलं. आधी लोकांनी ते नुसतं वाचलं आणि बाजारात माल आला तेव्हा रांधलं. पुढं 1960 मध्ये बाईंनी फ्रान्सच्या प्रांतांचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पाककृतींच्या आधी प्रवास आहे. नॉर्मंडीत काय पिकतं, प्रोव्हान्समध्ये काय, ते सांगून झाल्यावर बाई चुलीकडं वळतात.

भाच्यानं पुण्याच्या फुटपाथवरनं ते पुस्तक आणलं आणि कोडोलीत माझ्या हाती दिलं. ते वाचून मी आपल्याच गावाकडं नव्यानं बघायला लागले. या बाई वारणेच्या काठानं फिरल्या असत्या तर त्यांनी काय टिपून घेतलं असतं? ऊस, म्हशीचं दूध, परसातल्या कोंबड्या. एवढ्यावर फ्रेंचांचं एक नामांकित पक्वान्न होतं, क्रेम कारामेल. आपल्याकडं इराणी हॉटेलांत आणि गोव्यात ते कॅरॅमल कस्टर्ड किंवा पुडिंग म्हणून मिळतं.

आता आमच्याकडं काय चालतं ते सांगते. बचत गटांच्या बायकांसाठी बेकरीचे वर्ग निघतात. बायका हौसेनं जातात, चार पैसे मिळावेत ही अपेक्षा रास्तच आहे. अशा एका वर्गाला मी जाऊन बसले होते. प्रीमिक्सची पिशवी फोडा, पाणी ओता, फेटा, झालं. वर थापायचं ते व्हिपिंग क्रीम वनस्पती तेलाचं, डब्यावर बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं. गोकुळचा दूध संघ 1963 चा, वारणेचा 1968 चा. वारणानगरचा साखर कारखाना तर हाकेच्या अंतरावर. एवढं सगळं दाराशी असताना आमच्या बायकांनी लांबून आलेली पावडर आणि तेलाचा फेस विकत घ्यायचा, आणि त्याला म्हणायचं कौशल्य विकास! इंग्लंडातल्या त्या बायकांकडं सामान नव्हतं म्हणून त्यांनी नुसतं वाचलं. आम्हाला कसली अडचण आहे?

"फ्रेंच पदार्थ अवघड असतात हो बाई," असं मला त्या वर्गातच ऐकवलं गेलं. मला ते पटत नाही. क्रेम कारामेलमध्ये अवघड जागा दोनच, आणि दोन्ही आमच्या माणसांच्या हातातल्या आहेत.

पहिली साखर करपवण्याची. जाड बुडाच्या भांड्यात शंभर ग्रॅम साखर नि चमचाभर पाणी मंद आचेवर ठेवायचं. पाक आधी पिवळा होतो, मग मधासारखा, मग तांबूस. तिथून काळाकडू व्हायला फार वेळ लागत नाही. माझे मामा हयातभर गुऱ्हाळावर गुळवे होते. काहिलीतल्या रसाला रानभेंडीचं पाणी घालून मळी काढायची, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघायची, आणि काहील उतरवायचा हुकूम द्यायचा, हे त्यांचं काम. माझ्या शेगडीपुढं ते खुर्ची टाकून बसले. "थांब, रंग धरू दे अजून." वास बदलला तशी मान हलली. "उतर आता, पोरी. म्होरलं काम भांड्याची धग करती." थर्मामीटरला वेगळं काय कळणार होतं?

गुळच का नको, असा त्यांचा हट्ट होता. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अभिमान मलाही आहे. पण गुळात बाकीचे घटक राहिलेले असतात. तो फसफसतो आणि साखरेसारखा एकसारखा रंग न धरता मध्येच करपतो. इथं साखरच.

दुसरी जागा वाफेची. खरवस उकडणाऱ्या बाईला ही शिकवावी लागत नाही. अर्धा लिटर कोमट दूध, चार अंडी, शंभर ग्रॅम साखर, किसलेलं जायफळ. फेस न होऊ देता हलवायचं, गाळून पाकाच्या भांड्यात ओतायचं, झाकण लावून कुकरमध्ये शिट्टीविना मंद वाफवायचं. अंड्या-दुधाचं मिश्रण ऐंशी अंशांच्या आसपास धरतं. पाणी खळखळा उकळलं की जाळी पडते आणि पाणी सुटतं. मग रात्रभर फ्रिजमध्ये. तळाचा कडक पाक तेवढ्या वेळात ओल शोषून पातळ होतो आणि सकाळी भांडं उलटं केलं की तो आपसूक वरनं ओघळतो.

अंड्याला गिऱ्हाईक नाही, श्रावणात तर मुळीच नाही, हा आक्षेप खरा आहे. मग तेव्हा श्रीखंड करा, चीक मिळाला तर खरवस करा आणि त्याच नावानं विका. कस्टर्ड पावडर घोटून तिला फ्रेंच नाव देण्यात मात्र अर्थ नाही. ती पावडर 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. बायकोसाठी केली, चांगलंच केलं. आपण ती का घेतो, ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.

माझं मागणं मोठं नाही. बेकरीच्या प्रत्येक वर्गात एक दिवस पिशवीविना असावा. दूध, अंडी, साखर, कुकर, बस्स. पुढचा वर्ग ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात आहे म्हणे. पाकाचा रंग दाखवायला याल का, असं मामांना विचारलं.

"येतो की. च्या तेवढा बिनसाखरेचा सांग. डागदरनं बंद केलीया."