पीयूसी पास, पण इंजिनाचं काय?

पीयूसी खिशात आहे म्हणजे आपली गाडी प्रदूषण करत नाही, असंच वाटतं ना तुम्हाला? पीयूसी नसेल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजार रुपयांपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे आपण ती काढतोही. पण सेंटरवाला नळी घालतो ती फक्त सायलेन्सरमध्ये. इंजिनातून घाण बाहेर पडायची आणखी एक वाट असते. तिच्याकडे कोणी बघतच नाही.

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो, तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. गाडी नवी असली तरी हे होतंच. या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो तिथेच कोंडला तर ऑइलचा चिखल होतो, दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं. म्हणजे त्याला बाहेर काढणं भाग आहे.

पूर्वीच्या गाड्या तो एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडायच्या. लॉस एंजेलिस धुरक्याने गुदमरलं, तेव्हा कॅलिफोर्नियाने १९६१ साली पीसीव्ही यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं. कल्पना साधी होती: हा वायू इंजिनानेच परत ओढून घ्यायचा आणि जाळून टाकायचा. गाडी जागेवर सुरू असताना इंजिनाची ओढ जोरात असते, म्हणून व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो; ॲक्सिलरेटर दिला की मोकळी करतो. बाइकमध्ये एअरबॉक्सला जोडलेली ब्रीदरची नळी हा वायू परत इंजिनाकडे नेते.

आपल्याकडेही पेट्रोल कारच्या मॉडेलला मान्यता देताना हा वायू हवेत सुटत नाही ना, हे तपासतात. पण नंतर? हौसेने एअरबॉक्स काढून कोन फिल्टर बसवला जातो आणि ब्रीदरची नळी लोंबकळत राहते. आवाज भारी येतो, रीलही होतं. पीयूसी तरीही मिळू शकते, कारण तपासणी सायलेन्सरपुरतीच!

नियमातली ही फट बुजवायला महागडं मशिन लागत नाही. नळ्या जागेवर आहेत का, एवढं पीयूसीच्या वेळी डोळ्यांनी बघितलं तरी पुष्कळ. ही मागणी आपण करायलाच हवी. तोवर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकला एवढं विचारा, "दादा, ब्रीदरची नळी नीट जोडलीय ना?" सिग्नलला तुमच्या मागे थांबलेला माणूस तीच हवा घेत असतो.