अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

नागपूरच्या माझ्या भाचीच्या यजमानांची हिंजवडीस बदली झाली असून, सहा वर्षांची कन्या व तीन वर्षांचे चिरंजीव यांच्यासह पुण्यात बिऱ्हाड कोठे करावे या कामी मामाची मसलत घ्यावी, अशी आज्ञा माझ्या धाकट्या बहिणीने तिकडून परस्पर सोडल्यामुळे, हे भाचेजावई मे महिन्यातील एका रविवारी, मी पर्वतीवरून उतरून वर्तमानपत्राची घडी मोडण्याच्या बेतात असताना (त्या घटकेस माझ्याशी कोणी बोलू नये हे या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे, भाचेजावयांस नव्हते), काखोटीस संगणक मारून माझ्यापुढे दाखल झाले.

संगणकात त्यांनी एक तक्ता सिद्ध करून आणला होता. डाव्या अंगास कोथरूड, कर्वेनगर, बाणेर, वाकड, सूस आणि खुद्द हिंजवडी अशी वस्त्यांची नावे. वरच्या अंगास क्षेत्रफळ, भाडे, अनामत, कचेरीचे अंतर, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, वाहनतळ अशी कलमे. प्रत्येक कलमाखाली गुण, आणि उजवीकडे त्यांची बेरीज. एखाद्या मामलेदाराने जमाबंदीचा कागद पुढे सरकवावा तशा गांभीर्याने त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. ‘मुले’ हे कलम शेवटून दुसरे होते. ज्या इमारतीच्या आवारात रबरी फरशीवर रंगीत घसरगुंडी बसवली आहे तिला पैकीच्या पैकी गुण आणि जेथे ती नाही तेथे पूज्य, असा सुटसुटीत न्याय या कलमास लावलेला होता, आणि त्या न्यायाने बाणेरातील एका उत्तुंग इमारतीचा चौदावा मजला पहिला आला होता. “मामा, आकड्यांवरून तर हेच दिसतंय,” भाचेजावई नम्रपणे म्हणाले. हा गृहस्थ स्वभावाने इतका सज्जन आहे की त्याच्यावर रागावण्याची सोय नाही, आणि माझ्या वैतागात अर्धा वाटा या गैरसोयीचा होता.

तक्त्यात जे कलम असावयास हवे होते ते नव्हते, म्हणून तेवढे येथे सांगून टाकतो. पुणे या एका नावाखाली सांप्रत तीन अंमल नांदतात. बाणेर पुणे महानगरपालिकेत आहे. तेथून मुळा नदी ओलांडून वाकडास गेले की पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द लागते, जेथे २०१९ च्या अखेरीपासून नळास दिवसाआड पाणी येते. आणि जेथे लाखो माणसे दररोज चाकरीस जातात ते हिंजवडी गाव अद्याप ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत आहे. सूस व म्हाळुंगे ही गावे २०२१ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांपैकी होत. हद्द एका अधिसूचनेसरशी येते, नळ मागाहून सावकाश येतो, आणि मधल्या काळात टँकर येतो. ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे त्या घराने एप्रिल महिन्यात इमारतीत टँकर किती येतात हे एजंटास न विचारता दारावरच्या वॉचमनला विचारावे, कारण टँकर आत घेताना वहीत नोंद तो करतो.

चौदाव्या मजल्याचे दर्शन घेण्यास आम्ही सहकुटुंब गेलो. एजंटाने स्वयंपाकघरातील नळ सोडून दाखवला, पुन्हा बंद करून दाखवला, सज्जाचे दार सरकवून “काका, व्ह्यू बघा” असे म्हणून दूरवरच्या टेकडीवर आपला हक्क असल्यासारखा हात फिरवला, आणि भाची ओट्याची उंची व मोरीचा उतार यांची तपासणी करीत असताना कन्यारत्न मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले, कारण तिला खालची घसरगुंडी पाहावयाची होती. आम्ही खाली गेलो. घसरगुंडीवर कोणी नव्हते. सकाळचे अकरा वाजले होते आणि तेथील फलकानुसार मुलांनी खेळावयाची वेळ सायंकाळी पाच ते सात अशी मुक्रर होती. परत वर येताना लिफ्टमध्ये तिने ‘मी दाबते’ म्हणून मला मागे सारले, टाचा उचलल्या, एक हात भिंतीला लावून दुसरा ताणला, आणि तळमजल्यापासून वर चढत गेलेल्या बटणांच्या रांगेतील चौथ्या बटणावर तिचे मधले बोट जाऊन थांबले. पाचव्याला नख लागत होते, पण ते दबत नव्हते. “आजोबा, हात नाही पुरून राहिला,” ती म्हणाली.

मी तेथल्या तेथे निकाल दिला की या बिऱ्हाडाची कमाल उंची चार मजले. भाचेजावयांना हा निकाल विनोदी वाटला आणि त्यांनी तिची उंची वाढेल असा युक्तिवाद केला, जो बिनतोड असला तरी त्याची अंमलबजावणी होण्यास काही वर्षे लागतात. नागपुरात ही मुलगी सकाळी दूध पिऊन जी बाहेर पडते ती समोरच्या काकूंच्या ओसरीवर, तेथून शेजारच्या आवारातील कडुनिंबाखाली, तेथून कोणाच्या तरी मांजरीच्या पिलांकडे अशी फिरत फिरत जेवणाच्या वेळेस घरी येते, आणि या सबंध दौऱ्यात तिच्या आईस जागचे उठावे लागत नाही. चौदाव्या मजल्यावर तिला खेळावयास जावयाचे तर आईने गॅस बंद करावा, धाकट्यास कडेवर घ्यावे, किल्ली घ्यावी, लिफ्टची वाट पाहावी आणि खाली बाकावर बसून राहावे. म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या घसरगुंडीचा उपभोग आईच्या सवडीवर अवलंबून, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या आईस सवड किती असते हे कलम तक्त्यात कोठेच नव्हते.

आमच्या लहानपणी ही निवडीची यातायात कोणाला ठाऊक नव्हती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून ज्यांची घरे नदीने नेली त्यांच्यासाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या आणि ज्याच्या वाट्यास जी खोली आली तो तेथे गेला. आमचे कित्येक सोबती पेठेतून त्या वेळच्या माळरानावर गेले ते तेथलेच झाले. ती व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. परंतु आपण कोठे राहावे याचे उत्तर चुकले तर मुलांचे आयुष्य वाया जाईल, ही जी धास्ती आजच्या आईबापांच्या चेहऱ्यावर दिसते ती मात्र तेव्हा नव्हती.

शाळेचेही तेच. तक्त्यात शाळेचा बोर्ड होता, शुल्क होते, घोड्यावर बसण्याचे शिक्षण होते. अंतर नव्हते, कारण ‘बस आहे’. ती बस सकाळी सहा चाळीसला येणार होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली आपल्या राज्याने केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. सरकारच्या हातून इतकी समंजस गोष्ट क्वचितच लिहिली जाते, आणि जी लिहिली जाते तिच्याकडे शुल्क भरणारे पालक ढुंकून पाहत नाहीत, कारण ती त्यांना गोरगरिबांची तरतूद वाटते. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची वा आईबापांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. सबब त्या शाळेने मुलाखत न घेता ‘परिचय-भेट’ ठेवली. तीत एका प्रसन्नमुख बाईंनी, आपण घरी मुलीशी कोणत्या भाषेत बोलता, असे भाचीस विचारले. ती म्हणाली, “रागावताना मराठीत.” बाईंनी ते लिहून घेतले.

परंतु या सर्व प्रकरणात माझे चित्त ज्या एका गोष्टीने ग्रासले ती अगदी क्षुल्लक आहे, आणि संपादकांनी दिलेली जागा तीच खाणार असा रंग दिसतो. पाहिलेल्या प्रत्येक घराच्या कराराचा मसुदा अकरा महिन्यांचा होता. भाडे निरनिराळे, मालक निरनिराळे, वस्त्या तर तीन अंमलांत विभागलेल्या. मुदत मात्र सर्वत्र अकरा महिने. हे अकरा आले कोठून, असे मी प्रत्येक एजंटास विचारले, आणि ‘काका, तसंच असतं’ यापलीकडे कोणाचीही मजल गेली नाही.

ते आले असे. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे आवश्यक होते; मुद्रांक, नोंदणी आणि त्या कचेरीतील खेटे चुकवण्यासाठी लोकांनी मुदत वर्षाच्या आत आणली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस खिळवून भाडेकऱ्यास घरात जवळजवळ अढळपद दिले, तेव्हा मालकांनी ‘भाडे’ हा शब्दच टाकून राहण्याचा नुसता परवाना देण्याची युक्ती काढली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानेधारक जागेत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरी ठरवले, आणि मालकवर्गाने जी हाय खाल्ली ती नातवंडांपर्यंत उतरली आहे. अखेर १९९९ चा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने असे ठरवले की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी असावा व नोंदवलेला असावा, आणि तसा न केल्यास जबाबदार घरमालक. मुदत सरल्यावर जो जागा सोडणार नाही त्याच्याकडून दुप्पट आकारण्याचीही तरतूद झाली. म्हणजे ज्या भयाने अकरा महिने जन्मास आले ते भय गेले, ज्या नोंदणीस चुकवावयाचे होते ती एका महिन्याच्या करारासही चुकत नाही. तरी अकरा महिने जागच्या जागी आहेत.

वडीलधाऱ्या माणसांस यात गंमत वाटेल. परंतु मुलाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते व एप्रिलात संपते, ते या अकराला ठाऊक नाही. १ जूनला बिऱ्हाड केले तर मुदत ३० एप्रिलला सरते, ठीक. मालकाने कृपावंत होऊन १ मेपासून पुन्हा अकरा महिने दिले की ती ३१ मार्चला सरते, परीक्षा तोंडावर आलेली. तिसऱ्या खेपेस १ एप्रिलपासून धरले तर फेब्रुवारीअखेर. दर खेपेस एक महिना मागे सरकत जाणारे हे पंचांग कोणा मुले नसलेल्या माणसाने केले असले पाहिजे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका भाडेकरी कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा आहे; त्याला घर कोठे असे विचारले तर तो इमारतीचे नाव सांगत नाही, ‘आत्ताचं ना?’ असे उलट विचारून खात्री करून घेतो.

असो. भाचीने शेवटी कर्वेनगरात एका जुन्या तीन मजली इमारतीतील दुसरा मजला पसंत केला. नळाला पाणी रोज येते, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मराठी आहे आणि तिने कोणाचाही परिचय मागितला नाही. घसरगुंडी नाही. खाली घरमालक उभयता राहतात व त्यांच्या दारातील पेरूच्या झाडावर चढू नये असे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले, यावरून त्यावर चढता येते हे मुलीस कळले. कचेरी लांब पडते खरी; “मला बसमध्ये झोप छान लागते,” असे भाचेजावई म्हणाले, आणि या माणसाविषयी माझे मत त्या क्षणी पालटले.

कराराच्या वेळी मात्र मी जातीने हजर राहिलो व चोवीस महिन्यांची मुदत मागितली. एजंटाने माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले. “काका, चोवीस कुणी करत नाही. बावीस करू.” मी कारण विचारले. “अकरा दुणे बावीस.” यावर काय बोलणार! परंतु १ जूनपासून बावीस महिने धरले तर मुदत पुन्हा ३१ मार्चलाच सरते हे माझ्या ध्यानात आले, आणि करार १ जुलैपासून धरला तर ती ३० एप्रिलला, परीक्षा आटोपल्यावर सरते, हे मी कागदावर मांडून दाखवले. घरमालक निवृत्त लेखापाल. हिशेब त्यांना तत्काळ पटला, आणि जागा एक महिना बंद ठेवून तेवढ्यात रंग काढून घेऊ असे ते म्हणाले. एजंट संगणक व अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. लेखापालांचा अंगठा आयुष्यभर कागद उलटून इतका झिजलेला की यंत्र तो ओळखेना, तेव्हा त्यांच्या पत्नीने तो साबणाने धुऊन, पदराने पुसून पुन्हा पुन्हा टेकवून पाहिला व शेवटी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर काम भागले. दस्तऐवज झाला.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. पुण्याची शाळा मात्र जूनच्या मध्यास उघडणार आणि तिला १ जुलैपर्यंत थांबा असे सांगण्याची सोय नाही. तेव्हा मधल्या काळात हे चौघे, एक सायकल आणि दोरीने बांधलेली खोकी माझ्या दिवाणखान्यात आहेत, आणि प्रस्तुत मजकूर मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने लिहीत आहे. काल रात्री बहिणीचा फोन आला. बावीस महिन्यांचे गणित मी तिला पहिल्यापासून समजावून सांगितले आणि ती ते शांतपणे ऐकून घेत होती. “मग दादा, एवढा महिनाभर तुझी किती तारांबळ होईल,” ती म्हणाली. “मीच येते मदतीला. यांनाही घेऊन येते.”