भिंत कोणाची, जिना कोणाचा?

नैयायिकाची जुनी विनोदी गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. भांडें तुपाला धरून आहे, कीं तूप भांड्याला, असा प्रश्न त्याला पडला व निर्णयासाठीं त्यानें भांडें पालथें केलें. निर्णय लागला, पण तूप गेलें. गेल्या वर्षीं कोल्हापुरांत आमच्या मंगळवार पेठेंतील घरीं हाच प्रयोग होण्याची वेळ आली होती.

घर मातीच्या भिंतींचें व कडीपाटाचें; जिना दोन भिंतींमधला, अंधारा. पुतण्या म्हणाला, "काका, माजघराकडची भिंत काढून टाकूं या. उजेड येईल, आईला पायरी दिसेल." हेतु उत्तम होता. वहिनींनीं सत्तरी ओलांडली आहे, आणि देवघर माडीवर. गवंडी तर दोन दिवसांत भिंत उतरवावयास तयार होता. मीं इतकेंच विचारलें, "या भिंतीवर काय काय टेकलें आहे?" कोणालाच सांगतां येईना.

म्हणून आधीं केवळ गिलावा खरवडविला. पायऱ्यांच्या फळ्यांचीं टोकें भिंतींत रुतलेलीं आढळलीं. याहून महत्त्वाची गोष्ट वर होती. जिन्याच्या तोंडासाठीं माडीची जमीन मोकळी ठेवतात, तेथें तोडलेल्या कड्यांचा भार एका आडव्या तुळईवर येतो. त्या तुळईचें एक टोक याच भिंतीवर होतें! भिंतीबरोबर जिना आणि माडीचा कोपराहि खालीं आला असता.

मग स्थापत्य अभियंत्यास बोलाविलें. त्यांनीं सांगितलेला क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. महानगरपालिकेची परवानगी घेऊन प्रथम तुळईखालीं व जिन्याच्या पोटाखालीं टेकू द्यावे. टेकूच्या बुडाशीं जाड फळी घालून पाचरीनें ते घट्ट करावे. नंतर भार घेणारे कायमचे खांब स्वतंत्र पायावर उभारावे. काँक्रीटला अपेक्षित बळ येण्यास सुमारें २८ दिवस लागतात. तोंवर टेकू हलवूं नयेत. त्यानंतरच भिंत वरून खालीं, थोडी थोडी उतरवावी. त्या काळांत जिन्यावर कोणींहि पाऊल ठेवूं नये. आम्हीं तेवढे दिवस देव खालीं माजघराच्या कोनाड्यांत बसविले होते.

२०१९ व २०२१ सालीं पंचगंगेच्या पुराचें पाणी ज्या घरांत शिरलें, त्यांनीं तर अधिकच सावध असावें. भिजल्यानें मातीचें बळ जातें. भिंत वाळून वरून धड दिसली, तरी तळाशीं खचलेली असूं शकते.

आतां जिन्यांत उजेड आहे. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानांत अगदीं शेवटीं आली. इतकीं वर्षें वहिनी त्याच भिंतीवर हात टेकून चढत होत्या. भिंत गेली त्याच दिवशीं सुतारानें कठडा बसविला, तरी त्यांचा हात अजून सवयीनें भिंत शोधतो. कोणाच्या आधारावर काय उभें आहे, हा प्रश्न भांडें पालथें करण्यापूर्वींच विचारावा, हें बरें.