पैलवान कोणाचा? कुस्तीच्या रसिकतेविषयी काही अप्रिय विधाने

पैलवानांविषयी बोलणारी माणसे मंगळवेढ्यात पैशाला पासरी मिळतील. कुस्तीविषयी बोलणारा माणूस मात्र शोधावा लागतो. हे विधान आम्ही जाणीवपूर्वक करीत आहोत. ते केवळ मंगळवेढ्यापुरते खरे आहे असेही नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे या साऱ्या पट्ट्यात कुस्ती हा ज्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यांच्या बोलण्यातून 'कोण मोठा' हा प्रश्न सतत ऐकू येतो आणि 'का मोठा' हा प्रश्न जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना हा आजार नवा नाही. कवी कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या गोटाचा, कोणाचा शिष्य, हे कळल्यावर कविता वाचण्याची गरज न उरणारे समीक्षक आपल्याकडेही आहेत. म्हणूनच हा विषय येथे मांडण्यात काही अप्रस्तुत आहे असे आम्हांस वाटत नाही.

उदाहरण घरचेच घेऊ. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती विभागाच्या अंतिम लढतीत मंगळवेढा तालुक्यातील शिरसीचा महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्यातले. महेंद्रने मारलेल्या टांगेला पंचांनी चार गुण दिले, महेंद्र जिंकला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात जे उसळले ते सर्वांना ठाऊक आहे. 'सिकंदरवर अन्याय' हे वाक्य मोबाईलमोबाईलवर फिरले. त्याला धर्माचा रंग चढवणारेही निघाले आणि तो रंग उतरवण्याच्या मिषाने दुसरा रंग चढवणारेही. पंचांना धमकी दिल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली.

या गदारोळात मूळ प्रश्न कोणता होता? नियम सांगतो तो असा: उभ्या स्थितीतून मारलेल्या डावाने प्रतिस्पर्धी थेट धोक्याच्या स्थितीत गेला, म्हणजे त्याची पाठ जमिनीच्या दिशेने नव्वद अंशांहून कमी कोनात आली, तर चार गुण. तो नुसता खाली आला आणि त्याच्यावर ताबा मिळाला, तर दोन. म्हणजे वाद एवढाच होता, की टांग बसल्यावर सिकंदर पाठीच्या अंगाने पडला की कुशीवर. हा प्रश्न वाचनाचा आहे. चित्रफीत उपलब्ध होती, ती थांबवून पुनःपुन्हा पाहता येत होती. खांदा कोठे टेकला, कंबर कोणत्या क्षणी वळली, ताबा आधी आला की धोका आधी आला, यावर गंभीर चर्चा होऊ शकली असती. निष्कर्ष कोणताही निघाला असता, तरी ती समीक्षा ठरली असती. प्रत्यक्षात मंगळवेढ्याच्या बाजूचे म्हणाले, पंचांचा निर्णय अंतिम असतो. मोहोळच्या बाजूचे म्हणाले, पंच विकले गेले. संहिता कोणीच उघडली नाही.

पुढचा अंक अधिक बोलका आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला अंतिम लढतीत महेंद्रसमोर पृथ्वीराज मोहोळ होता. शेवटच्या काही सेकंदांत गुणावरून वाद झाला, महेंद्रने मैदान सोडले आणि गदा पृथ्वीराजला मिळाली. त्याआधी गादी विभागातील राक्षे-मोहोळ लढतीच्या निकालावरून पंचांना लाथ बसण्यापर्यंत मजल गेली होती. शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली. आणि दोन वर्षांपूर्वी ज्यांनी 'पंचांचा निर्णय अंतिम' हे तत्त्व उच्च स्वरात सांगितले होते, त्यांनीच पंचांच्या नावाने बोटे मोडण्यास प्रारंभ केला. तत्त्व हे आपल्या पैलवानाच्या लंगोटाबरोबर बदलत असेल, तर त्याला तत्त्व म्हणू नये; तो केवळ पक्ष होय. पंच चुकत नाहीत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. चुकतात, आणि त्यांच्या चुकीने कोवळ्या वयातील पोराची वर्षे वाया जातात. म्हणूनच चूक दाखवणाऱ्याने ती डावाच्या भाषेत दाखवावी, एवढीच आमची मागणी आहे.

आता 'आपला पैलवान' या शब्दाकडे वळू. महेंद्र मंगळवेढ्याचा आहे म्हणजे नेमके काय? तो घडला पुण्यात, काका पवारांच्या तालमीत. सिकंदर घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. २०२३ च्या अंतिम कुस्तीत महेंद्रला मिनिटभरातच चीतपट करणारा शिवराज राक्षे हाही काका पवारांचाच पठ्ठा. २०२० मध्ये बालेवाडीत अंतिम लढत झाली ती नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर आणि लातूरच्या शैलेश शेळके यांच्यात. तेही एकाच वस्तादाचे शिष्य. जिंकल्यावर सदगीरने पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. ते छायाचित्र पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनी त्यातला अर्थही घ्यावयास हवा होता: या दोघांत जिल्हा आडवा येत नव्हता, कारण दोघांना जोडणारी गोष्ट जिल्ह्याहून मोठी होती. २०१८ चा महाराष्ट्र केसरी बाला रफिक शेख करमाळा तालुक्यातील खडकीचा. तो उतरला बुलढाण्याकडून. मग ती गदा कोणाची? करमाळ्याची, बुलढाण्याची, की जिथे त्याने घाम गाळला त्या आखाड्याची?

कुस्तीत घराणे आहे ते तालमीचे. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही नावे संगीतातील घराण्यांसारखी वापरली पाहिजेत: कोणती तालीम कोणत्या डावावर भर देते, कोणत्या वस्तादाचा पठ्ठा खालून पट काढतो, कोणाचा ढाक किंवा कलाजंग नजरेत भरतो, कोण घिस्सा मारून कुस्ती निकाली करतो. मराठीत डावांची केवढी संपत्ती आहे! एकलंगी, मोळी, लपेट, सवारी, धोबीपछाड, झोळी. एवढा समृद्ध परिभाषाकोश हाताशी असताना आपली वर्तमानपत्रे 'आस्मान दाखवले' आणि 'लोळवले' या दोन क्रियापदांवर संपूर्ण हंगाम काढतात. ज्या समाजाकडे शब्द आहेत आणि तो ते वापरत नाही, त्याला रसिक म्हणवून घेण्याचा अधिकार कितपत उरतो?

दुसरा एक लाडका सिद्धान्त आहे: मातीतली कुस्ती खरी, गादीवरची कुस्ती परकी, जुने ते सिंह, आताचे गुण मोजणारे कारकून. या सिद्धान्ताला इतिहासाचा आधार नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते गादीवर आणि गुणांच्या पद्धतीत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. मारुती मान्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ज्यांच्या नावाने गादीला शिव्या दिल्या जातात, त्यांनीच गादी जिंकून दाखवली होती. मातीने त्यांना दम, पकड आणि चिवटपणा दिला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. परंपरेचे मोठेपण ती शिकणाऱ्याला कोठवर नेते यावरून ठरते. हे वाक्य आपण छंदोबद्ध आणि मुक्तछंद कवितेच्या वादातही निःसंकोच वापरू शकतो.

थोरांच्या यादीतही हीच आंधळी कोशिंबीर. बोरामणीच्या शेख घराण्यातील इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल या तीन भावांनी अनुक्रमे १९८०, १९९२ आणि २००२ मध्ये महाराष्ट्र केसरी जिंकली. एका घरात तीन गदा! हा पराक्रम सोलापूर जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. 'थोर मल्ल' म्हणून बोटे मोजताना तिच्या वाट्याला एकही बोट का येत नाही? शिवाय आता किताबही दोन झाले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला शिवराज राक्षे आणि फुलगावला सिकंदर शेख, असे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. संघटनांच्या भांडणात किताबाचे मोल उतरले, आणि रसिक मात्र आपल्या गावच्या पोराला गदा मिळाली की ती कोणाच्या हातून मिळाली हे विचारत नाही.

शेवटी ज्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत, त्या प्राध्यापकांकडे. खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची शंभरावर बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली. आणि त्यानंतर त्यांनी कुस्त्या धरल्या त्या प्राचार्यांचे ऋण फेडण्यासाठी. बैलगाड्या जिंकल्यानंतर आल्या, घर मात्र आधी गहाण पडले. 'आपला' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार या दोहोंपैकी कोणाला, हे निराळे सांगावयास नको. आज ग्रामीण महाविद्यालयाच्या हजेरीपटावर पैलवानाचे नाव असते, वार्षिक अहवालात त्याचे पदक असते; त्याच्या खुराकाचा खर्च बाप म्हैस विकून भागवतो आणि सरावाला तो दुसऱ्या जिल्ह्यात खोली घेऊन राहतो.

मंगळवेढ्याला तर याचे भान अधिक असावयास हवे. परंपरा सांगते, की चोखोबा येथे १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली गेले. गावाच्या भिंतीसाठी राबणाऱ्या माणसाला त्या भिंतीच्या आत जागा नव्हती. 'चोखोबांचे मंगळवेढे' हा अभिमान सुचायला फार काळ जावा लागला. माणूस राबत असताना परका आणि नाव झाल्यावर आपला, ही आपली रीत जुनी आहे. ती पैलवानांच्या बाबतीत तरी मोडावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी दोन कामे आहेत. एक, मंगळवेढ्यात गादी, माती आणि जाणता वस्ताद एका छताखाली आणणे, म्हणजे शिरसीच्या पुढच्या पोराला पंधराव्या वर्षी गाव सोडावे लागणार नाही. दुसरे काम मराठीच्या वर्गातले आहे: एक कुस्ती, तिची चित्रफीत आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न. कोणाचे नाव, गाव वा जात न लिहिता ही कुस्ती कोणी का जिंकली ते एका पानात सांगा. ज्या वर्गाला हे पान लिहिता येईल, त्याला कवितेवरही लिहिता येईल.