आधी खेळाची यादी, मग कॉम्प्युटर

घाटकोपरला आमची आपा राहते. तिच्या धाकट्या मुलाने रमजान ईदनंतर घरात एक विषय काढला आणि पुढचे दोन महिने तो विषय दस्तरखानावरून उठला नाही. त्याला कॉम्प्युटर हवा होता. साधा नव्हे, गेमिंगचा. आणि त्यातही 'मॉड' घातलेले खेळ चालवणारा. दोन वर्षे शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने 52,000 रुपये साठवले होते. आणखी 30,000 वडिलांनी घालावेत, अशी त्याची विनंती होती. आमचे दूल्हाभाई गोदीतून निवृत्त झाले आहेत, त्यांचा प्रत्येक रुपया आता मोजून ठेवलेला आहे. ते म्हणाले, "मामूंना विचार. ते हो म्हणाले तर देतो." असा हा निवाडा आमच्या गळ्यात पडला.

खरे सांगायचे तर आम्हालाही यातले फारसे कळत नव्हते. विचारत, चुकत, बाजार फिरत जे कळले ते इथे मांडतो आहोत. जोगेश्वरीपासून मुलुंडपर्यंत ज्या घरांत वयात येणारी मुले आहेत, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

मॉड म्हणजे काय?

कंपनीने बनवलेल्या खेळात खेळणाऱ्यांनी स्वतः घातलेली भर म्हणजे मॉड. कोणी नव्या इमारती बनवतो, कोणी नव्या गाड्या, कोणी रस्त्यांचे नियम बदलतो. आमचा भाचा 'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवण्याचा खेळ खेळतो. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीने तो 2015 मध्ये आणला. मूळ खेळ साध्याशा कॉम्प्युटरवर चालतो. पण लोकांनी बनवलेल्या हजारो इमारती, झाडे, पूल आणि गाड्या त्यात घातल्या की तोच खेळ चांगल्या चांगल्या यंत्रांना घाम फोडतो.

दूल्हाभाईंचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "फुकट मिळते म्हणजे चोरीचे तर नाही ना?" प्रश्न योग्य होता. या खेळात कंपनीनेच मॉडना वाव दिला आहे, बनवणारे आपखुशीने देतात आणि घेणारे घेतात. त्यात चोरी नाही. चोरी आहे ती पैसे न देता तोडफोड करून उतरवलेल्या मूळ खेळात. भाच्याने खेळ विकत घेतला होता, त्याची पावती त्याने दाखवली. तो मुद्दा तिथेच मिटला.

वही आणि अर्धा तास

बहुतेक मुले आधी किंमत ठरवतात, मग दुकानात जाऊन "एवढ्यात काय बसेल?" असे विचारतात. दुकानदार त्याला जे खपवायचे आहे ते दाखवतो. आम्ही भाच्याला उलट काम दिले. मुलुंडला त्याच्या मित्राकडे 32 जीबी रॅमचा कॉम्प्युटर आहे. तिथे जायचे, आपली सगळी मॉडची यादी घालून आपले शहर अर्धा तास चालवायचे आणि विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून आकडे वहीत लिहायचे. प्रोसेसर किती चालला, रॅम किती भरली, ग्राफिक्स कार्डाची मेमरी किती वापरली गेली, डिस्कवर किती जागा गेली, एवढेच.

तो वही घेऊन आला. रॅम 27 जीबी भरली होती. ग्राफिक्स कार्डाची मेमरी जेमतेम 5 जीबी. प्रोसेसर एकूण 30 टक्क्यांच्या आसपास दिसत होता, तरी शहर मात्र अडखळत होते. याचे कारण नंतर समजले. असे खेळ आपले मुख्य काम प्रोसेसरच्या एकदोन गाभ्यांवरच टाकतात. दहा माणसे कामावर ठेवली आणि ओझे एकाच्याच डोक्यावर दिले, तर बाकीचे नऊ रिकामे बसतात. म्हणून अशा खेळाला गाभे किती यापेक्षा एकेक गाभा किती वेगवान हे जास्त महत्त्वाचे.

प्रत्येक खेळाची भूक वेगळी असते, हे या वहीने शिकवले. 'मायनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत दोनअडीचशे मॉडचा संच घातला की तो एकटाच 8 जीबीपर्यंत रॅम मागतो, पण एकूण 16 जीबीत भागू शकते. त्याला गरजेपेक्षा फार जास्त रॅम तोडून दिली तरी फायदा होत नाही, उलट मेमरी साफ करताना तो मध्येच अडखळू शकतो. 'स्कायरिम'ची गोष्ट निराळी. 2011 चा मूळ खेळ 32 बिटांचा होता, त्यामुळे रॅम कितीही असली तरी ठरावीक मर्यादेपुढे तो वापरू शकत नसे. 2016 च्या 64 बिटांच्या आवृत्तीने ती अडचण दूर केली. त्यात लोक दगड, कपडे, चेहरे यांची बारीक चित्रे घालतात आणि तो सगळा भार ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीवर येतो. 2048 ठिपक्यांच्या चौरस चित्राऐवजी 4096 चे घातले, तर ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात. घरात साधा फुल एचडी मॉनिटर असेल तर या चौपट ठिपक्यांतले बरेचसे डोळ्यांना दिसतही नाहीत.

म्हणजे तीन मुलांना तीन वेगळे कॉम्प्युटर लागतील. तिघांच्याही तोंडी शब्द मात्र एकच, गेमिंग पीसी.

दिव्यांचा डबा

एका शनिवारी आम्ही दोघे निघालो. घाटकोपरहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल आणि ग्रँट रोड. स्टेशनजवळच लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. इथे दुकानदार तुमच्या यादीप्रमाणे भाग जोडून, तपासून तयार कॉम्प्युटर देतात. उपनगरांतही अशी दुकाने आहेत, पण एका रस्त्यावर चार कोटेशने इथे मिळतात.

पहिल्या दुकानाने काचेचा एक डबा दाखवला. आत सहा पंखे, सहाही रंग बदलणारे. भाच्याचे डोळे चमकले. कोटेशन 1,18,000 रुपये. आम्ही वही काढली. ग्राफिक्स कार्ड महागडे होते, पण रॅम 16 जीबी. म्हणजे भाच्याचे शहर ज्या रॅममध्ये मावतच नव्हते तीच रॅम, आणि ज्या कार्डाची त्याला निम्मीही गरज नव्हती ते कार्ड. डिस्क 500 जीबीची. मॉडवाल्यांना ती कमी पडते, कारण अनेक खेळांत उतरवलेली मूळ फाइल आणि खेळात बसवलेली तिची प्रत, अशी दुहेरी जागा जाते.

पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, कोणत्या कंपनीचा असे विचारले तर उत्तर आले, "चांगला आहे, गेमिंगचा आहे." कोटेशनवर कंपनीचे नावच नव्हते. काटकसर नेहमी तिथेच होते, कारण तो भाग कोणी पाहत नाही. हलका एसएमपीएस बिघडला तर कधीकधी सोबत बाकीचे भागही घेऊन जातो. त्याची कंपनी, त्याचे वॅट, कार्यक्षमतेचे '80 प्लस' मानांकन आणि वॉरंटीची वर्षे कोटेशनवर लिहून घ्यावीत.

काचेच्या डब्याचेही तसेच. समोरून बंद काच असेल तर हवा आत जाणार कुठून? मे महिन्यात आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंख्याखालीही घाम थांबत नाही, तर आतल्या कार्डाचे काय होत असेल? पुढून जाळी आणि जाळीमागे काढून धुता येणारा धूळगाळा असलेले साधे कॅबिनेट मुंबईत जास्त टिकते.

तिसऱ्या दुकानातल्या माणसाने मात्र आधी वही मागितली. वाचली आणि म्हणाला, "याला रॅम द्या, कार्ड मधले चालेल." त्याने 16 जीबीच्या दोन पट्ट्या लिहिल्या. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की रॅमचा वेग वाढतो, म्हणून 32 ची एकच पट्टी घेऊ नये. डिस्क 1 टीबीची. कार्डांबद्दल त्याने आमचा एक गैरसमज दूर केला. नवे म्हणजे सगळ्याच बाबतीत मोठे असे नसते. एनव्हिडियाच्या 2021 च्या आरटीएक्स 3060 मध्ये 12 जीबी मेमरी होती, आणि 2023 च्या आरटीएक्स 4060 मध्ये 8 जीबी. 4060 जास्त वेगवान, पण स्कायरिममध्ये जड चित्रे घालणाऱ्याला कधीकधी जुने कार्डच पुरते. मदरबोर्डही त्याने पुढचा विचार करून लिहिला. एएमडीचा एएम5 हा सॉकेट 2022 मध्ये आला आणि 2027 व त्यापुढेही त्याला साथ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल, सगळा कॉम्प्युटर नाही.

जुना मॉनिटर घरात होता. विंडोजच्या परवान्यासह एकूण 81,400 रुपये झाले.

शून्य टक्क्यांचा हिशेब

पहिल्या दुकानदाराने जाताना हाक मारली होती. "काका, नो-कॉस्ट ईएमआय आहे. महिना 9,833, बारा महिने. व्याज शून्य." भाचा थबकला. आम्ही विचारले, "रोख दिले तर?" तो म्हणाला, "सात हजार कमी करू." म्हणजे हप्त्याने घेणाऱ्याला ते सात हजार मिळत नाहीत. ते कुठे जातात? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. वस्तूच्या किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात व्याज लपवले जाते. आजच्या योजनांतही बँक व्याज लावतेच आणि विक्रेता तेवढी सूट दिल्याचे दाखवतो. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीही पडतो.

घरी हे सांगितल्यावर दूल्हाभाई म्हणाले, "सूदच आहे, फक्त टोपी बदलली." ज्या घरात सूद टाळला जातो, तिथे हा हिशेब मुलासमोर कागदावर मांडावा. नुसते नाही म्हणून मुलगा गप्प बसतो, पण त्याला पटत नाही. आकडे पाहिल्यावर भाच्याने पुन्हा हप्त्याचे नाव काढले नाही. जेवढे हातात आहे तेवढ्याचे घ्यायचे आणि पुढे वाढवता येईल अशी जागा ठेवायची, हे त्याने स्वतःच ठरवले.

बिल, खोकी आणि टॅक्सी

आणखी चार गोष्टी सांगून ठेवतो. एक, काही ठिकाणी विंडोज "टाकून देतो" म्हणतात, म्हणजे विनापरवाना. आपण पावती पाहून खेळ घेतला आणि त्याखाली चोरीचे विंडोज ठेवले, तर काय साधले? परवान्याचे पैसे आधीच हिशेबात धरावेत.

दोन, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटी त्या त्या भागाच्या कंपनीची असते, सगळ्या कॉम्प्युटरची एकत्र नसते. भागांची खोकी माळ्यावर ठेवावीत.

तीन, दुबईहून चाचा कार्ड आणणार असतील, तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारावे. बऱ्याचदा ती देशापुरतीच असते.

चार, 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच पेलतो. गेमिंगचा कॉम्प्युटर भरात असताना तो पुरेलच असे नाही. आमच्या पैशांत मोठा यूपीएस बसत नव्हता, म्हणून तो पुढे ढकलला. त्याआधी वायरमन बोलावून घरातले अर्थिंग तपासून घेतले. आपाची इमारत जुनी आहे, अर्थिंगची तार सुटलेलीच निघाली.

उरलेले 600 रुपये टॅक्सीत गेले. काचेची बाजू असलेला डबा गर्दीच्या लोकलमध्ये नेण्याची हिंमत आम्हाला झाली नाही. दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड काढून वेगळ्या खोक्यात दिले होते, धक्क्याने त्याची खाच मोडू नये म्हणून. घरी आल्यावर भाच्याने ते स्वतः बसवले.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत ठेवला आहे. ती दूल्हाभाईंची एकमेव अट होती. गेल्या जुम्याला आम्ही गेलो तेव्हा भाच्याच्या शहरात समुद्रकिनारा तयार झाला होता आणि दूल्हाभाई चष्मा लावून त्याच्या मागे उभे होते. "क्रेन तिकडे नाही लावत रे," ते सांगत होते, "जहाज धक्क्याला लागते या बाजूने. ट्रक कुठून येणार?" भाच्याने गोदी पाडली आणि पुन्हा बांधायला घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने 'यूपीएस' आणि 'दुसरी डिस्क' असे लिहिले आहे, आणि त्याखाली या महिन्याच्या शिकवण्यांचे पैसे.