‘आलम आरा’ जिथे लागला ते मॅजेस्टिक कुठे गेलं?

मुंबईतल्या गिरगावात आज ‘मॅजेस्टिक’ म्हटलं की शॉपिंग सेंटरकडे बोट दाखवलं जातं. पण १४ मार्च १९३१ रोजी भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ याच जागेवरच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला होता. गर्दी एवढी झाली की पोलिसांना बोलवावं लागलं. चार आण्याचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, असं सांगितलं जातं.

अर्देशीर इराणींच्या या सिनेमाची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत ती जळाली, असं अनेकदा लिहिलं जातं. पण ते खरं नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे ती कधी आलीच नव्हती, असं संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनीच स्पष्ट केलं होतं. म्हणजे सिनेमा गेला आणि सत्तरच्या दशकात तो दाखवणारी इमारतही गेली. नाव तेवढं राहिलं. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलनेही ते या थिएटरवरूनच घेतलं होतं.

इमारत वाचली का नाही?

मुंबईत वारसा इमारतींसाठीची नियमावली आली १९९५ मध्ये. तोवर मॅजेस्टिक पडून दोन दशकं उलटली होती. पण समजा ते उभं असतं, तरी वाचलं असतंच असं नाही. वारसा ठरवताना स्थापत्याला झुकतं माप मिळतं. चर्चगेटचं इरॉस आर्ट डेको शैलीतलं आहे आणि २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या इमारतींच्या समूहात त्याचा समावेश आहे. ते २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झालं. गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता; तेही आज नाही. इतिहास गिरगावात घडला आणि जतन झालं ते दक्षिणेकडच्या देखण्या इमारतींचं!

आता काय सुरू आहे?

एकपडदा थिएटरच्या जागेचा पुनर्विकास करताना तिथे लहानसं का होईना, थिएटर ठेवावं लागतं, अशी अट महाराष्ट्रात आहे. ती काढून टाकावी, ही मालकांची जुनी मागणी आहे. त्यांचं म्हणणं अगदीच गैर नाही. प्रेक्षक मल्टिप्लेक्स आणि मोबाइलकडे वळले, मोठ्या सभागृहाचा खर्च मात्र तसाच राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तरी रिकाम्या खुर्च्यांना त्याचा उपयोग नाही.

मात्र ही अट गेली, तर वारसा यादीत नसलेल्या गल्लीबोळातल्या थिएटरांना दुसरं कोणतंच संरक्षण उरत नाही. आणि अट राहिली, तरी ती वाचवते फक्त पडदा आणि काही खुर्च्या. जुनी इमारत पाडायला तिची आडकाठी नाही.